“आदराने ऐका” असं सांगून मुलं ऐकत नाहीत. मग काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सातवी-आठवीच्या वर्गात चर्चा घ्यायची म्हटलं की तीच चार-पाच मुलं बोलतात, बाकीची खाली मान घालून बसतात. कुणी जरा वेगळं मत मांडलं की मागून हशा येतो, नाहीतर वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरा सुरू होतो. ‘एका वेळी एकानेच बोलावे’, ‘दुसऱ्याच्या मताचा आदर करावा’ असे नियम मुलांकडूनच लिहून घेऊन भिंतीवर लावले. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. मुलांना मत मांडायला आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकवायचं तरी कसं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते: ऐकण्याला काम द्या. आत्ता बहुतेक वर्गांमध्ये एका मुलाने दुसऱ्याचं ऐकलं काय नि नाही ऐकलं काय, कुणाचंच काही अडत नाही. जे ऐकलं नाही तर पुढे बोलताच येणार नाही, ते मुलं ऐकतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात मुलांपासून न करता आपल्यापासून करू. तुमच्या तासातली कुठलीही दहा मिनिटं आठवा. शिक्षक प्रश्न विचारतात, एक जण उत्तर देतो, शिक्षक ‘बरोबर’, ‘छान’, ‘अजून कोण सांगेल?’ म्हणतात आणि पुढच्याकडे वळतात. वर्गातल्या बोलण्याचा हा तीन पावलांचा साचा सिंक्लेअर आणि कुल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये नोंदवला. ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्राथमिक वर्गाचा बारकाईने अभ्यास केला, त्यांनाही तोच दिसला. उजळणीसाठी हा साचा चांगला आहे. चर्चेत मात्र तो घात करतो, कारण प्रत्येक वाक्य शिक्षकाकडे जातं आणि शिक्षकाकडूनच परत येतं. मुलीने काय सांगितलं हे ऐकण्यापेक्षा शिक्षकांनी त्यावर काय म्हटलं हे ऐकलं की पुरतं. मुलं ते बरोबर ओळखतात. हात वर करून बसलेल्या मुलाचा चेहरा पाहा: तो समोरच्याचं ऐकत नसतो, आपलं वाक्य मनात घोळवत असतो, कारण तेवढंच त्याच्याकडून अपेक्षित असतं.

म्हणून पहिलं काम हे करा. एका चर्चेचं ध्वनिमुद्रण करा, मुलांना सांगून आणि फक्त स्वतःच्या वापरासाठी. घरी ऐकताना एकच गोष्ट मोजा: मध्ये तुमचा आवाज न येता एका मुलाच्या बोलण्यावर दुसरं मूल किती वेळा बोललं? बहुतेकांच्या वर्गात हा आकडा शून्याच्या आसपास असतो. तो वाढवायचा. मूल्यमापनाचे बाकी सगळे तक्ते नंतर.

आता प्रश्नाकडे. चर्चा बसते ती बऱ्याचदा प्रश्नामुळे, मुलांमुळे नाही. ‘वेळेचं महत्त्व काय?’ यावर चर्चा होऊच शकत नाही. वेळ वाया घालवावा असं कोण म्हणणार? मुलं तिथे मत मांडत नाहीत, शिक्षकांना काय हवंय याचा अंदाज घेतात. प्रश्न वर्गात नेण्यापूर्वी मी एक साधी कसोटी लावते: दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन अशी कारणं मला लिहिता येतात का, जी एखादा शहाणा माणूस मनापासून मांडेल? येत नसतील तर तो प्रश्न चर्चेचा नाही, शिकवण्याचा आहे. आणि हे उलट बाजूनेही पाळायचं. ज्याचं उत्तर पुराव्याने ठरलेलं आहे, ते ‘तुझं मत, माझं मत’ म्हणून मांडू नये. लस कशी काम करते यावर मतदान होत नसतं. एखाद्या माणसाला माणूस म्हणून सारखा मान आहे की नाही, हाही चर्चेचा विषय नव्हे. ती चर्चा सुरू होण्याआधीची अट आहे.

जर्मनीत बॉयटेल्सबाख नावाच्या गावी १९७६ साली राजकीय शिक्षणावर काम करणारी मंडळी जमली होती. त्या बैठकीतून निघालेली तत्त्वं तिथे आजही आधार म्हणून वापरली जातात. शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यांवर लादू नये. जो विषय अभ्यासकांमध्ये आणि समाजात वादाचा आहे, तो वर्गातही वादाचाच म्हणून मांडावा. आणि विद्यार्थ्याला परिस्थिती व स्वतःचं हित यांचा विचार स्वतः करता यावा. मला यातलं दुसरं तत्त्व फार उपयोगी वाटतं, कारण त्याचा अर्थ असाही होतो की जे वादाचं नाही ते ओढूनताणून वादाचं करू नये.

माझा आवडता पहिला प्रश्न हा: ‘चौघांनी मिळून एक प्रकल्प करायचा होता. एकाने जवळजवळ काहीच केलं नाही. चौघांना सारखेच गुण मिळावेत का?’ प्रत्येक मुलाला यातलं काहीतरी माहीत असतं, दोन्ही बाजूंना दम आहे आणि कुणाच्या घराला, श्रद्धेला धक्का लागत नाही. अवघड, जिव्हाळ्याचे विषय नंतर. ज्या वर्गाला अजून गुणांवर नीट भांडता येत नाही, त्याला थेट धर्मावर किंवा निवडणुकीवर बोलायला लावणं म्हणजे पोहायला शिकवताना आधी डोहात ढकलणं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि मुलाचं उत्तर संपल्यावर तेवढंही थांबत नाहीत. हा अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब झाली, गप्प राहण्याचं प्रमाण घटलं, एरवी मागे राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलं एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोलू लागली. पहिला थांबा बरेच जण पाळतात. दुसरा, म्हणजे मूल बोलून थांबल्यावरचा, जवळपास कोणीच पाळत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. मूल ‘मला वाटतं नको’ म्हणून थांबतं. तुम्ही गप्प राहिलात, नजर त्याच्यावर ठेवलीत, तर ते आपणहून ‘कारण…’ म्हणतं. ‘छान!’ म्हणालात की ते ‘कारण’ कायमचं गेलं.

मत कठीण असेल तर तीन सेकंद पुरत नाहीत. तेव्हा लिहायला सांगा. दोन मिनिटं, दोन ओळी: मत आणि एक कारण. कुणी बोलण्याआधी लिहून घेणं याला फार किंमत आहे. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग अनेकांना माहीत असतील. रेघेची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही आजूबाजूचे सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देऊ लागले की बरीच माणसं आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून त्यांच्यामागे जात. पण त्या घोळक्यात एक जण जरी बरोबर उत्तर देणारा निघाला, तर हे प्रमाण एकदम खाली येई. वर्गातही तेच होतं. पहिल्या दोन ‘हुशार’ मुलांनी मत दिलं की बाकीच्यांची मतं त्या बाजूला झुकतात. कागदावर आधीच लिहिलेलं असेल तर झुकणं कमी होतं, आणि शेजारच्यानेही तसंच लिहिलंय हे कळलं तर हात वर होतो.

तो शेजारचा कसा कळणार? जोडीने बोलून. आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणं, मग वर्गापुढे मांडणं, ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि आता ती सगळीकडे वापरली जाते. त्यात एक छोटा बदल करा: वर्गापुढे प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं मत सांगायचं, स्वतःचं नाही. ‘तिचं म्हणणं असं आहे, आणि त्याला ती हे कारण देते.’ सांगून झालं की जोडीदाराकडे बघून विचारायचं, ‘बरोबर सांगितलं ना?’ या एवढ्याशा बदलाने ऐकण्याला काम मिळतं. बुजऱ्या मुलांचीही सोय होते, कारण स्वतःचं मत उघड करण्यापेक्षा दुसऱ्याचं पोहोचवणं सोपं असतं, आणि त्यांचं स्वतःचं मत दुसऱ्याच्या तोंडून का होईना, सगळ्या वर्गापर्यंत जातं.

हीच गोष्ट मोठ्या चर्चेत नेली की मुख्य नियम तयार होतो. कुणाच्या मताला विरोध करायचा असेल, तर आधी ते मत त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचं. त्याने ‘हो, असंच’ म्हटलं की मगच आपलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये एका परिषदेत भांडणातल्या माणसांसाठी नेमका हाच प्रयोग सुचवला होता. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत ‘पूर्वपक्ष’ मांडायची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे: प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या सगळ्या बळासह आधी मांडायचं, मग उत्तरपक्ष. आठवीच्या मुलांना ‘पूर्वपक्ष’ हा शब्द भारी वाटतो, असा माझा अनुभव. ‘मॅडम, त्याने पूर्वपक्ष मांडलाच नाही!’ अशी तक्रार यायला लागली की समजा गाडी रुळावर आली.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. गुणांच्याच प्रश्नावर एक मुलगी म्हणाली, “सारखे गुण दिले तर काम करणाऱ्यांवर अन्याय आहे. पुढच्या वेळी कुणीच काम करणार नाही.” एका मुलाचा हात केव्हाचा वर होता. तो उठला, “पण मॅडम…” मी म्हटलं, “आधी तिचं.”

“ती म्हणते, आळशी मुलांना शून्य द्या.”

मी काही न बोलता त्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “शून्य कुठे म्हटलं मी? सारखे नकोत एवढंच म्हटलं.”

तो थोडा अडखळला. “बरं. सारखे दिले तर ज्यांनी काम केलंय त्यांना वाटेल, कशाला करायचं? म्हणून सारखे नकोत.”

“हो. असंच.”

“मग माझं असं आहे, त्याने काम का नाही केलं हे कुणी विचारलं का? कधीकधी दोघंच सगळं काम वाटून घेतात. बाकीच्यांना ‘तू फक्त रंगव’ म्हणतात.”

मागच्या बाकावरून न विचारता आवाज आला, “खरंय!” आणि मुलगी म्हणाली, “तसं असेल तर गुण कापायचे का, हे वेगळं ठरवायला लागेल.”

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. त्या मुलाने पहिल्यांदा ‘शून्य द्या’ असं सांगितलं ते खोडीने नाही. त्याला खरंच तेच ऐकू आलं होतं. त्याने मनात तयार ठेवलेला प्रतिवाद ‘शून्य’ या कल्पनेविरुद्ध होता. त्याला तसंच बोलू दिलं असतं तर पुढची दहा मिनिटं कुणीच न मांडलेल्या मतावर भांडण झालं असतं. वर्गातली निम्मी भांडणं अशीच असतात (आणि मोठ्यांचीही). दुसरी गोष्ट म्हणजे, ‘बरोबर पकडलं का?’ याचा निवाडा मी केला नाही, त्या मुलीने केला. हा अधिकार शिक्षकाने आपल्याकडे ठेवला की साचा पुन्हा जुनाच होतो.

हा नियम कायम, प्रत्येक वाक्याला लावायचा नाही. सुरुवातीचे काही आठवडे काटेकोर, मग फक्त विरोध करताना, आणि पुढे फक्त आवाज चढायला लागला की. नाहीतर तो पोपटपंची होतो: मुलं ‘ती म्हणाली की सारखे नकोत’ असं भराभर उरकून आपल्या मुद्द्यावर येतात.

असहमतीची भाषाही शिकवावी लागते. मुलांकडे साधारण दोनच वाक्यं तयार असतात: ‘मला पण तसंच वाटतं’ आणि ‘काहीही काय!’ यांच्या मधलं काही त्यांनी ऐकलेलंच नसतं. म्हणून फळ्याच्या एका कडेला काही सुरुवाती लिहून ठेवा: ‘तुझं पहिलं पटतं, पण दुसऱ्याबद्दल शंका आहे…’, ‘हे कशावरून म्हणतोस?’, ‘म्हणजे नेहमीच असं, की कधीकधी?’, ‘तिच्या मुद्द्याला एक जोडायचंय…’, ‘मी मघाशी वेगळं म्हणत होतो, आता मला वाटतं…’ शेवटच्या वाक्याला विशेष मान द्या. मत बदलणं म्हणजे हरणं, असं मुलांच्या डोक्यात पक्कं असतं, आणि ते पुसायला बराच काळ जातो.

एक वाक्य मात्र मी मुद्दाम शिकवत नाही: ‘मी तुझ्या मताचा आदर करतो, पण…’ हे फार लवकर पोकळ होतं. मुलं ते म्हणतात आणि लगेच समोरच्याला उडवून लावतात. आदर वाक्यात घोषित करण्यापेक्षा समोरच्याचा मुद्दा अचूक पकडण्यात दिसू द्यावा.

याच संदर्भात एका धोक्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. इंग्लंडमधले संशोधक नील मर्सर यांनी मुलांच्या गटातल्या बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक, नुसती भांडाभांडी: ‘हो’, ‘नाही’, ‘हो’, ‘नाही’. दुसरा, एकमेकांच्या होला हो: सगळे गोड बोलतात, भर घालतात, पण कुणी काही तपासत नाही. तिसरा, शोध घेणारं बोलणं: कारणं मागितली जातात, शंका घेतल्या जातात, आणि तरी सगळे मिळून पुढे जातात. ‘आदर’ या नावाखाली आपण पहिल्यातून मुलांना बाहेर काढतो आणि दुसऱ्यात नेऊन बसवतो. वर्ग शांत होतो, पाहुण्यांना दाखवण्यासारखा होतो, आणि विचार थांबलेला असतो. मला विचाराल तर थोडा गोंगाट असलेला, एकमेकांना ‘कशावरून?’ विचारणारा वर्ग या गोडगोड वर्गापेक्षा बरा. एखाद्याचं म्हणणं तपासून पाहण्याच्या लायकीचं मानणं, हा त्याचा मोठाच मान आहे. ज्याच्या मताला कुणी प्रश्नच विचारत नाही, त्याला कुणी मोजतही नसतं.

आता हशाबद्दल. गंमत झाली म्हणून हसणं आणि बोलणाऱ्याला हसणं यातला फरक मुलांनाही कळतो. आपल्याला कळत नसल्याचं आपण सोंग करू नये. दुसऱ्या प्रकारचा हशा आला की लगेच, पण कमीत कमी शब्दांत थांबवा. “थांबा. तिचं वाक्य व्हायचंय.” आणि तिच्याकडे वळून, “तू म्हणत होतीस…” तिथे प्रवचन दिलं तर तिचा मुद्दा बुडतो, हसणारा केंद्रस्थानी येतो, आणि तिलाही वाटतं की आपल्यामुळे सगळ्यांना बोलणी बसली. हसणाऱ्याशी नंतर एकट्याने बोला. डोळे फिरवणं, ‘च्च’ करणं, बाजूच्याला कोपर मारणं, हेही हशातच मोजा. बोलणाऱ्याला ते दिसतं आणि ते त्याला बोललेल्या शब्दापेक्षा जास्त लागतं.

कधीकधी एखादं मूल एका सबंध समूहाबद्दल अपमानकारक काहीतरी बोलून जातं: ‘ते लोक असेच असतात.’ बऱ्याचदा ते कुठूनतरी ऐकलेलं असतं. याला मत म्हणून चर्चेत जागा नाही, पण त्या मुलाला गुन्हेगार ठरवूनही काही मिळत नाही. विधानाला धरा: “‘ते लोक’ म्हणजे सगळे? तू कितीजणांना ओळखतोस? हेच कुणी तुझ्या वर्गाबद्दल म्हटलं तर?” आणि एक पथ्य कडक पाळा: त्या समूहातलं मूल वर्गात असेल तर त्याच्याकडे पाहू नका आणि उत्तराची अपेक्षा त्याच्यावर टाकू नका. ‘तुमच्यात असं करतात का रे?’ हा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला तरी तो त्या मुलाला एका क्षणात वर्गाबाहेर उभं करतो. तासानंतर त्याला वेगळं भेटा.

गप्प मुलांबद्दल थोडं सविस्तर. ‘तो बोलतच नाही’ या एका वाक्यात चार वेगळी मुलं असतात. एकाला विचार करायला जास्त वेळ लागतो. एकीला वर्गाची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी असल्यामुळे शब्द सापडत नाहीत. एकाला मागच्या वेळचं हसणं अजून आठवतंय. आणि एकीला मनापासून वाटतं की आपल्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. पहिल्याला लिहायला वेळ द्या. दुसरीला घरच्या भाषेत, नाहीतर मिश्र भाषेत बोलू द्या. चर्चेच्या वेळी व्याकरण तपासू नका. तिसऱ्यासाठी चार जणांचा छोटा गट हवा. चौथीच्या वहीतलं एक वाक्य आधी वाचून तिला हळूच सांगा, “हे चांगलं कारण आहे, मांडशील का?” तयारी नसताना अचानक नाव घेऊन मत विचारणं मला पसंत नाही. माहितीचा प्रश्न तसा विचारता येतो, मत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांना आपलं मत मोकळेपणी मांडण्याचा हक्क देतं. हक्क आहे, सक्ती नाही. ‘आत्ता नको’ म्हणायची मुभा असावी. त्याचबरोबर शेवटी पुन्हा विचारलं जाईल, निदान ‘आज कुणाचा मुद्दा पटला?’ एवढं तरी सांगावं लागेल, हेही ठरलेलं असावं.

जास्त बोलणाऱ्या मुलांना गप्प बसवू नका, त्यांना वेगळं काम द्या. चर्चेचा नकाशा काढायला सांगा: कागदावर सगळ्यांच्या जागा, आणि कुणाच्या बोलण्याला कुणी उत्तर दिलं त्याच्या रेघा. तास संपताना हा कागद वर्गाला दाखवला की भाषण द्यावं लागत नाही. सगळ्या रेघा तीन जागांमध्येच फिरतायत, हे मुलांना स्वतःच दिसतं. प्रत्येकाला तीन चकत्या द्यायच्या आणि बोललं की एक टाकायची, ही युक्ती लोकप्रिय आहे. मला ती अर्धवटच वाटते. मुलं चकत्या संपवण्यासाठी काहीबाही बोलतात. दोन-चार दिवस गंमत म्हणून ठीक.

बसण्याची रचना क्षुल्लक वाटते, पण समोरच्याच्या डोक्याची मागची बाजू बघत कुणाचं ऐकणार? एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून १९३० मध्ये अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर शाळेत लंबगोल टेबलाभोवती डझनभर विद्यार्थ्यांनी बसून शिकण्याची पद्धत सुरू झाली. त्यामागचा विचार हाच, की प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसावा. आपल्याला ते टेबल नको. पुढच्या बाकांवरच्या मुलांनी मागे तोंड करून बसलं तरी बराच फरक पडतो. वर्ग मोठा असेल तर आठ-दहा जण आत वर्तुळात बोलतात, बाकीचे भोवती. बाहेरच्यांना नुसतं बसवू नका: प्रत्येकाने आतल्या एकाकडे लक्ष ठेवायचं आणि त्याचं सगळ्यात भक्कम कारण टिपायचं. पंधरा मिनिटांनी आतबाहेर बदल. आणि तुम्ही उभ्या राहू नका, बसा. बोलणारं मूल तुमच्याचकडे बघत असेल तर तुम्ही नजर वहीत घाला किंवा बाकीच्यांकडे फिरवा. काही दिवसांत त्याची नजर आपोआप वर्गाकडे वळते.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का, यावर मतभेद आहेत. मी चर्चा चालू असताना सांगत नाही. नंतर कुणी विचारलं तर सांगते, कारणासकट, आणि त्याविरुद्धचं सगळ्यात चांगलं कारणही सांगते. कायम मत लपवणारा शिक्षक मुलांना खोटा वाटतो, आणि आधीच सांगणारा चर्चा संपवतो.

नववी-दहावीपर्यंत वर्ग तयार झाला की डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या मिनेसोटा विद्यापीठातल्या भावांची पद्धत वापरून बघा. चौघांचा गट, दोघं एका बाजूने, दोघं दुसऱ्या. आपली बाजू मांडायची, एकमेकांना प्रश्न विचारायचे, मग बाजू बदलून विरुद्ध पक्ष तितक्याच ताकदीने मांडायचा, आणि शेवटी बाजू सोडून देऊन चौघांनी मिळून एक निवेदन लिहायचं. वादविवाद स्पर्धेपेक्षा हे मला उजवं वाटतं. स्पर्धेत बक्षीस जिंकण्याला असतं, त्यामुळे समोरच्याचा मुद्दा नीट समजून घेण्यापेक्षा त्यातली फट शोधण्याकडे कल जातो. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, सत्य शोधण्यासाठी केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसती दुसऱ्याची खोडायची ती वितंडा, असे भेद आहेत. स्पर्धांमध्ये आपण मुलांना बहुतेक दुसरा प्रकारच शिकवतो.

गुण द्यायचेच असतील तर किती वेळा बोलला यावर देऊ नका आणि मत काय आहे यावर तर मुळीच नको. चर्चा संपल्यावर पाच मिनिटांत तीन ओळी लिहून घ्या: आज माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात चांगला मुद्दा कुणी मांडला, तो काय होता, आणि मला अजून तो का पटत नाही किंवा का पटला. न बोललेलं मूल किती बारकाईने ऐकत होतं हे या ओळींतून कळतं. कधीकधी ते वाचून आपणच चकित होतो.

वेळेचा प्रश्न राहतोच, अभ्यासक्रम संपवायचा असतो. पूर्ण तास देऊ नका. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि विषय पाठ्यपुस्तकातूनच निघू शकतो: गोष्टीतल्या पात्राने घेतलेला निर्णय, इतिहासातला एखादा तह, विज्ञानातल्या प्रयोगाचा संशयास्पद निष्कर्ष. पहिले दोन आठवडे फक्त लिहिणं आणि जोडीदाराचं मत सांगणं. तिसऱ्या आठवड्यापासून पूर्वपक्षाचा नियम. वर्तुळ त्यानंतर. मध्येच घंटा झाली तर घाईघाईने निष्कर्ष काढू नका. दोन्ही बाजू कुठे अडल्यात ते फळ्याच्या कोपऱ्यात एकेका वाक्यात लिहून ठेवा. पुढच्या वेळी सुरुवात त्या वाक्यांपासून करा, फक्त ज्याचं वाक्य आहे त्याने ते वाचायचं नाही, विरुद्ध बाजूच्या कुणीतरी ते समजावून सांगायचं.